वाशीमचा दिवाळीतला अजबखाना

दिवाळीच्या सुटीत आमच्या वाशीमला अजबखाना भरायचा. सुटी संपली की वस्तू ज्याच्या त्याच्या घरी परत जायच्या. किस्से न्यायला मात्र कोणी यायचं नाही. ते आमच्याकडेच पडून राहायचे आणि दर साली त्यात भर पडायची. आता आम्ही जुनी मंडळी कुठं एकत्र आलो, की चहा यायच्या आत एखादा तरी निघतोच.

दुसरी मोठी लढाई पेटायच्या आधीची ही वर्षं. आमचे हेडमास्तर नागपूरला जाऊन तिथलं मोठं संग्रहालय पाहून आले आणि त्यांची झोपच उडाली. म्हणाले, "हे आपल्या पोरायनं काहून पाहू नये? अन् पोरायनंच काहून, मायबापानंही पाहावं." शाळेचा हॉल सुटीत रिकामाच असायचा, तिथंच अजबखाना मांडला. मी तेव्हा मुलींच्या शाळेत मास्तरीण होते. चित्रं बरी काढायचे, म्हणून मलाही त्यात ओढलं.

पहिल्या सालची गोष्ट. हेडमास्तरांनी बाजाराच्या दिवशी दवंडी दिली: ज्याच्या घरी जुन्यातली जुनी वस्तू असेल, त्यानं ती शाळेत आणून द्यावी, सुटीनंतर सुखरूप परत मिळेल. तिसऱ्या दिवशी रिठदहून एक बैलगाडी आली. गाडीतून एका शेतकऱ्यानं आपल्या बापाला अलगद उचललं आणि हेडमास्तरांच्या पुढ्यात आणून उभं केलं.

"आमच्या घरी याच्याहून जुनं काही नाही."

हेडमास्तर गडबडले. पण एवढ्या लांबून आलेल्या म्हाताऱ्याला परत कसं पाठवायचं? खुर्ची दिली, चहा दिला. म्हातारा ऐटीत बसला. शेजारी पितळेचे दिवे होते, जुन्या तलवारी होत्या. लोक त्या पाहायला वाकले की म्हातारा म्हणायचा, "हे तं काल-परवाचं हाय." मग लोक तलवारी सोडून त्याच्याचभोवती बसायचे. वाशीमला रेल्वे नव्हती तेव्हा लोक लग्नाला कसे जायचे, हे त्यानं असं काही रंगवून सांगितलं, की पोरं दुपारच्या जेवणालाही उठली नाहीत.

संध्याकाळी मुलगा न्यायला आला. "चाला बाबा," म्हणून त्यानं दंड धरला.

म्हाताऱ्यानं हात झटकला. आमच्या भिंतीवरच्या पाटीकडं बोट दाखवलं. त्याला वाचता येत नव्हतं, पण दिवसभर आम्ही पोरांवर ओरडत होतो ते त्यानं ऐकलं होतं.

"पाटी वाच," तो म्हणाला. "वस्तूले हात लावू नोको."

*

आमचे ढोबळे मास्तर सायन्स शिकवायचे. त्यांनी शाळेतला सूक्ष्मदर्शक मांडला आणि काचेवर विहिरीच्या पाण्याचा एक थेंब ठेवला. बाया-माणसं रांग लावून डोळा लावायची आणि "अगं बाई" म्हणत मागं सरायची. थेंबात वळवळ चाललेली.

ढोबळ्यांनी कौतुकानं आपल्या आईला आणलं. आई फार सोवळ्याची. कांदासुद्धा घरात येऊ द्यायची नाही. तिनं थेंब पाहिला, घरी गेली आणि पाणी पिणंच सोडलं.

दुपार झाली, संध्याकाळ झाली. म्हातारी पाण्याला शिवेना. सून रडकुंडीला आली. ढोबळे मास्तरांचं तर तोंडच उतरलं. आपण आपल्या हातानं आईला तहानेनं मारतो की काय, असं त्यांना वाटायला लागलं. शेवटी ते तिच्यापुढं बसले.

"आई, पाणी उकळून पी. उकळलं की काही राहत नाही त्यात."

"राहत नाही म्हन्जे? कुठं जातात ते?"

"मरतात."

म्हातारीनं लेकाकडं असं पाहिलं, की मास्तरांनी मान खाली घातली.

"म्हन्जे मी मारून खाऊ?" तिनं माठातून तांब्या भरला आणि एका दमात रिकामा केला. "त्याच्यापरीस जिते बरे. जातीन आपआपल्या वाटेनं."

*

रोज दुपारी घरच्यांनी मिळून हातानं काहीतरी करायचं, असा हेडमास्तरांचा नेम होता. एक दिवस मातीचे बैल, एक दिवस कागदाचे आकाशकंदील. एकदा बाजारातले घड्याळवाले रहीमभाई एक बंद पडलेलं भिंतीवरचं घड्याळ घेऊन आले. म्हणाले, हे मी दहादा उघडलं, चालत नाही. मुलांनी आणि त्यांच्या बापांनी ते खोलून पाहावं आणि पुन्हा जोडावं.

बाप लोकांनी पोरांना बाजूला सारलं आणि स्वतःच बसले. खोललं तर चटकन. जोडताना मात्र एकमेकांवर गुरगुर सुरू झाली. शेवटी कसंबसं झाकण बसलं. सतरंजीवर पाहतो तर मूठभर चाकं आणि स्क्रू उरलेले.

कोणी कोणाकडं पाहीना. तेवढ्यात घड्याळ टिकटिक करायला लागलं.

रहीमभाईंनी कान लावून ऐकलं. मग उरलेली चाकं तळहातावर घेऊन मोजली.

"मास्टर," ते हेडमास्तरांना म्हणाले, "कंपनीवाले हमकू इतने दिन उल्लू बना रे थे."

*

आता वाघाचं ऐका. माझं माहेर मेडशीचं. तिथल्या पाटलांकडं भुसा भरलेला वाघ होता, थेट जबडा उघडलेला. मी दिवाळीला माहेरी निघाले तेव्हा हेडमास्तर म्हणाले, "येताना तेवढा वाघ घेऊन या." जसं काही लोणच्याची बरणी सांगावी.

वाघ गाडीत मागं ठेवला, वर चादर टाकली. पुढं गणपत गाडीवान, मधे मी. गणपतनं बैलांना वाघ दाखवलाच नव्हता. मालेगाव गेलं, सगळं ठीक. वाशीम जवळ आलं आणि वाऱ्यानं चादर उडाली. नेमकं तेव्हाच डाव्या बैलानं मान वळवून मागं पाहिलं.

पुढं काय झालं ते मला नीट सांगता येणार नाही. गाडी रस्त्यावर कमी आणि हवेत जास्त होती. गणपत दोर ओढत होता आणि बैलांच्या मायबापाचा उद्धार करत होता. मी एका हातानं गाडीचा दांडा आणि दुसऱ्या हातानं वाघाची मान धरून बसलेली. वाघ पडला तर पाटलांना काय सांगू? रस्त्यातली माणसं वाघ पाहून झाडावर चढत होती. एकानं तर बायकोला आधी चढवायचं सोडून तिच्याच खांद्यावर पाय दिला. त्यांची भीती जावी म्हणून मी जीव खाऊन ओरडत होते, "भुसा हाय हो, भुसा हाय!"

सगळे पळाले. एक म्हातारा तेवढा रस्त्याकडं पाठ करून गवत कापत होता. आम्ही त्याच्या मागून सुसाट गेलो. त्यानं मान वर न करताच विचारलं,

"भुसा कसा देल्ला?"

*

पुरुषांच्या गर्दीत न येणाऱ्या बायकांसाठी एक वेगळा दिवस ठेवावा, हे ताराबाईंचं म्हणणं. ताराबाई म्हणजे हेडमास्तरांच्या पत्नी. पण घरोघरचे पुरुष तयार होईनात. मग हेडमास्तर रहीमभाईंना बरोबर घेऊन गल्लोगल्ली फिरले आणि तिथल्या पुरुषांना शब्द दिला, "त्या दिवशी हॉलमधे पुरुषाची सावलीही पडणार नाही. मी स्वतः फाटकाबाहेर पहारा देईन." त्या शब्दावर रहीमभाईंच्या अम्मी निघाल्या. त्या निघाल्या म्हणून त्यांची सगळी गल्ली निघाली, आणि त्यांचं पाहून आमच्याकडच्या सासवांनीही सुनांना सोडलं. आत एखादा पुरुष दिसला असता, तर पुन्हा एकही बाई आली नसती आणि हेडमास्तरांना गाव सोडावं लागलं असतं.

त्या साली मी बांबू, पेंढा आणि माती घेऊन माणसाएवढे चार पुतळे केले होते. शेतकरी, विणकर, वैद्य आणि हवालदार. भिंतीशी ओळीनं उभे. सकाळी हेडमास्तरांना खिडकीतून दिसलं, की शेतकऱ्याचा फेटा कलला आहे. बाया यायला अवकाश आहे म्हणून ते तो सरळ करायला आत गेले.

पण अम्मींना उन्हाच्या आत यायचं होतं. पुढच्या दाराशी छकडे लागले, मागच्या दारानं आमच्याकडच्या बाया शिरल्या. ताराबाई हातात छडी घेऊन पुढं, मी त्यांच्यामागं. मी आत पाहिलं तर भिंतीशी चार पुतळे होते ते पाच झालेले.

पाचव्याच्या डोक्यावर शेतकऱ्याचा फेटा. एक हात हवेत तसाच राहिलेला. डोळे समोरच्या भिंतीवर खिळलेले.

ताराबाईंनाही दिसलं होतं, पण त्यांची पापणी लवली नाही. त्यांनी दुसऱ्या टोकापासून सुरुवात केली. दिवे दाखवले, तलवारी दाखवल्या, वाघाचे दात मोजून दाखवले. एरवी घाई करणारी ही बाई त्या दिवशी प्रत्येक वस्तूपाशी सावकाश थांबत होती. शेवटी सगळ्या बाया पुतळ्यांपाशी आल्या. शेतकरी झाला, विणकर झाला, वैद्य झाला, हवालदार झाला.

पाचव्यापाशी अम्मी थांबल्या. अगदी जवळ जाऊन त्यांनी निरखून पाहिलं.

"या अल्ला, इसकू तो पसीना आरा."

"माती ओली हाय अजून, अम्मी," ताराबाई म्हणाल्या.

मागून कोणीतरी माझ्याकडं पाहत म्हणालं, "बाकीचे कसे सुरेख बनोले बाईनं. याचंच तोंड असं काहून?"

मी तोंडात पदर कोंबला. ताराबाईंनी छडीचं टोक पाचव्याच्या पोटावर टेकवलं आणि शांतपणे सांगितलं,

"हा बाईनं नाही बनोला. हा माह्या सासूच्या हातचा हाय."