मामांचे चित्रकार पणजोबा

रायपुरात भिंतीवरच्या माणसांना जित्याजागत्या माणसांपेक्षा जास्त मान देणारे गृहस्थ मी एकच पाहिले, आणि ते नेमके माझ्या बायकोचे मामा निघाले. रेल्वेतून निवृत्त झालेले, तात्यापाऱ्यात राहणारे. कोणाकडेही गेले की आधी भिंती बघत, मग यजमान. मला पाहायला आले तेव्हा बैठकीतल्या आजोबांच्या तसबिरीपुढे इतका वेळ उभे राहिले, की माझ्या आईला वाटलं, स्थळ आजोबांसाठीच आलंय.

याचं कारण मामांचे चित्रकार पणजोबा. एकोणिसावं शतक सरत आलं असताना ते मुंबईच्या कलाशाळेत गोऱ्या मास्तरांच्या हाताखाली तैलरंग शिकले, आणि इकडे येऊन मालगुजारांची, म्हणजे इकडच्या जमीनदारांची, चित्रं काढत गावोगाव हिंडले. मालगुजाराचं पोट थोडं कमी करायचं आणि मिशा थोड्या वाढवायच्या, यावर त्यांचा संसार चालला. पुढे फोटोवाले आले, कामं आटली. म्हातारपणी पुरानी बस्तीत बसून ते दुसऱ्यांनी काढलेल्या फोटोंना रंग देत. एवढं सांगताना मामांचा आवाज खाली येई. पणजोबांना सही करायची सवय नव्हती. घरात दोन लहान चित्रं उरली होती. बाकीची मामा जन्मभर शोधत राहिले.

रायपूर नव्या राज्याची राजधानी झालं आणि जुनी घरं पडू लागली. एका मालगुजार घराण्यातला मुलगा शंकर नगरला राहायला निघाला होता. पूर्वजाचं भलंमोठं तैलचित्र तो संग्रहालयाला देणार होता, पण चित्रकाराचं नाव कोणालाच ठाऊक नव्हतं. त्यानं मामांना बोलावलं. मी त्यांना स्कूटरवरून घेऊन गेलो.

"काकाजी, आप बोल दो, आपके परदादाजी का नाम लिखवा देंगे," तो म्हणाला.

मामा चित्र वरून खालपर्यंत बघत गेले. नुसतं हो म्हणायचा अवकाश होता. शेवटी म्हणाले, "नाही बाबा. आमच्या पणजोबाले पाय जमत नव्हते. ते शालीखाली झाकून टाकत. हे पाय पाहा."

परतताना मी म्हटलं, हो म्हटलं असतं तरी कोणाला कळलं नसतं.

"हव," मामा म्हणाले. मग मागून माझ्या कानाशी वाकून, "पण पाय कसे काढले न त्यानं! टाचेची भेग दिसून राहिली होती. त्याचाही कोणी पणतू असंल कुठं. तो काहून नाही आला पाहाले?"

त्यानंतर शेवटपर्यंत मामा घरोघर दोन चित्रकारांची चौकशी करत. एकाचं नाव सांगून, आणि दुसऱ्याचे नुसते पाय.