बेडकांचं तळघर

मास्तरांनी आयुष्यात एकही वर्ग शिकवला नव्हता. ते कवळ्या बनवायचे. दातांच्या डॉक्टरांकडून त्यांच्या लॅबमध्ये पेशंटच्या जबड्याचे ठसे यायचे. कुठे थुंकी चिकटलेली, कुठे रक्त, एकदा तर पालकाचं अख्खं पान. मास्तर ते नळाखाली धुवायचे, त्यात प्लास्टर ओतायचे, वर गुलाबी मेण चढवून एकेक दात बसवायचे, आणि हात धुऊन त्याच टेबलावर डबा उघडून निवांत जेवायचे. बायकोला ऐकूनच शिसारी यायची. मास्तरांना घाण म्हणून कशाची वाटायची नाही.

‘मास्तर’ हे नाव खेळानं दिलेलं. विशीत असताना ते आणि त्यांचे तीन मित्र दर रविवारी लॅबच्या मागच्या खोलीत एक नवाच खेळ खेळायला लागले होते. त्याला पट नव्हता, सोंगट्या नव्हत्या. एकानं मोहिमेची पुस्तिका हातात धरायची आणि समोर काय आहे ते सांगायचं: पायऱ्या आहेत, ओल आहे, आतून घुरघुर ऐकू येतेय. बाकीच्यांनी आपापला योद्धा नाहीतर चोर नाहीतर मांत्रिक होऊन काय करणार ते बोलायचं, आणि जमलं की फसलं हे फाशांनी ठरवायचं. सांगायचं काम कायम यांच्याकडे, म्हणून हे मास्तर.

तेव्हाच्या त्या पुस्तिका म्हणजे बत्तीस पानं, दोन पिना, आणि आतल्या बाजूला निळ्या शाईतला तळघराचा नकाशा. पुढे मित्र पांगले, खेळ थांबला, पण पुस्तिका जमवायचा नाद सुटला नाही. रद्दीवाल्यांकडून, लिलावातून, अनोळखी माणसांशी पत्रव्यवहार करून मास्तरांनी लोखंडी कपाटात एकशे त्रेचाळीस जमवल्या. कुणी विचारलंच तर कुठल्या मोहिमेत कितव्या खोलीत काय आहे हे ते डोळे मिटून सांगायचे. विचारायचं मात्र कुणी नाही.

एकच पुस्तिका त्यांच्याकडे नव्हती. ‘बेडकांचं तळघर.’ एका क्लबानं आपल्या मेळाव्यापुरत्या दोनशे प्रती काढल्या होत्या. टाइप करून सायक्लोस्टाइल केलेल्या, आणि नकाशा चक्क उलटा टाचलेला. त्यातली एक लंबूकडे होती. लंबू म्हणजे चौघांतला मास्तरांचा जिवलग. ही एक मोहीम त्यांनी दोन वर्षं पुरवून पुरवून खेळली. लंबूला जाऊन चार वर्षं झाली होती. त्याच्या बायकोकडे पुस्तिकेचा विषय काढायला मास्तरांची जीभ रेटली नव्हती.

अशात एका करसल्लागाराचा फोन आला. त्यांचाही संग्रह होता, आणि त्यात ‘बेडकांचं तळघर’ नुकतंच आलं होतं. मास्तरांनी त्या काळी ते खेळलंय असं त्यांच्या कानावर होतं. तेव्हा मास्तरांनी येऊन बघावं आणि प्रत अस्सल असल्याचं चार ओळींत लिहून द्यावं, अशी विनंती होती. मास्तरांनी त्या दिवशीच्या दोन कवळ्या पुढे ढकलल्या आणि भर दुपारी त्यांच्याकडे गेले.

दारातच चपलांवर चढवायला कागदी पिशव्या मिळाल्या. आतल्या खोलीत पडदे ओढलेले, भिंतीवर हवेतली ओल मोजायचं यंत्र. चारही बाजूंना काचेची कपाटं, आणि प्रत्येक पुस्तिका जाड पारदर्शक प्लास्टिकच्या पेटीत कडेनं वितळवून बंद केलेली. औषधाच्या दुकानासारखा वास. करसल्लागारांनी पांढरे हातमोजे घातले, मास्तरांनाही दिले. मास्तर एका पेटीकडे बोट दाखवून म्हणाले की हिच्यातल्या आंधळ्या द्वारपालानं आमचे दोन गडी मारले होते. करसल्लागार कौतुकानं हसले. कुठला द्वारपाल ते त्यांना माहीत नव्हतं. पुस्तिका वाचताना कणा उलतो, म्हणून ते वाचत नसत.

लोकांची थुंकी धुणारा माणूस, पण त्या खोलीत मास्तरांना कुठेच हात लावावासा वाटेना.

‘बेडकांचं तळघर’ अजून पेटीत गेलं नव्हतं. मास्तरांनी लिहून दिलं की तेही जाणार होतं. करसल्लागारांनी एका चपट्या पट्टीनं पान उलटलं. नकाशा उलटा होता. मागच्या कव्हरवर कोपऱ्यात अंगठ्याएवढा फिकट गुलाबी डाग होता, आणि तो मास्तरांनी लगेच ओळखला. ते मेण त्यांच्याच लॅबमधलं. ही लंबूचीच प्रत.

रविवारचा खेळ संपला की लंबू पेन्सिलीनं समासात सगळं टिपायचा: कोण कुठे पडला, कुणी काय मूर्खपणा केला. मास्तरांनी नववं पान मागितलं, मग बारावं, मग सगळीच. समास कोरे होते. कोरे म्हणजे घासलेले. कागदावर बारीक लव उठली होती.

इथे पेन्सिलीनं काही लिहिलेलं होतं का, असं त्यांनी विचारलं.

“असली घाण माझ्या संग्रहात राहत नाही, मास्तर,” करसल्लागार अभिमानानं म्हणाले.

मास्तरांनी हातमोजे काढून टेबलावर टाकले. “तुम्ही मढ्याला पावडर लावताय,” ते म्हणाले. “आणि वर त्याचा दाखला मागताय. मी देणार नाही.” पायातल्या कागदी पिशव्या जिन्यावर काढल्या आणि तिथेच टाकून ते खाली उतरले.

हे लंबूच्या बायकोला सांगायलाच हवं, तिला फसवून प्रत घेतली आणि त्या माणसानं नवऱ्याची आठवण पुसून टाकली, असं मनाशी घोकत ते थेट तिच्याकडे गेले. वहिनी कपडे अल्टर करून द्यायच्या. पुढच्या खोलीत मशीन, बाजूला उसवलेल्या पँटींचा ढीग. मास्तर बसले न बसले तोच बोलायला लागले. पेट्या, हातमोजे, घासलेले समास. वहिनींनी टीप संपेपर्यंत ऐकून घेतलं.

“मी खोडलं ते,” त्या म्हणाल्या.

मास्तरांना वाटलं आपल्याला नीट ऐकू आलं नाही.

“घेणारा म्हणाला होता, स्वच्छ असेल तर बरं. पण तो बोलला नसता तरी खोडलं असतं, भावजी. दोन दुपारी बसून खोडलं. रबर संपलं, दुसरं आणलं.” त्यांनी दातांनी दोरा तोडला. “ते प्रत्येक खोलीला तारीख घालायचे. चौथ्या खोलीत कुठली तारीख होती, आठवतं?”

मास्तरांना चौथी खोली लख्ख आठवत होती. शेवाळलेलं टाकं, वर उलटं लटकलेलं प्रेत, टाक्यात तीन बेडूक, प्रत्येकी म्हशीएवढा. तारीख आठवत नव्हती.

“आमची थोरली जन्मली तो दिवस,” वहिनी म्हणाल्या. “दुपारी माझ्या भावानं तुमच्या लॅबवर फोन केला होता. हे आले दिवेलागणीला. अंगाला सिगरेटचा वास, आणि मला सांगतायत काय, तर तिसरा बेडूक मारला. किती वर्षं मला तेवढंच ऐकू यायचं.”

फोन मास्तरांनीच उचलला होता. हे त्यांना आत्ता, त्या पँटींच्या ढिगाशेजारी आठवलं. निरोप त्यांनी दिलाही होता, आणि लंबू उठला तेव्हा त्याचा हात धरून म्हणालेही होते की एवढा बेडूक संपव आणि जा, आता कशाला अर्धवट सोडतोस. बेडकाचा जीव तेव्हा फाशांच्या हिशेबात दोन आकड्यांवर आला होता, एका घावाचं काम. ते दोन आकडे त्यांनी पस्तीस वर्षं जपले होते. पोरगी झाली की पोरगा, हे त्या दिवशी त्यांनी लंबूला विचारलं होतं की नाही, काही केल्या आठवेना. त्यांनी वहिनींकडे प्यायला पाणी मागितलं, आणि ग्लास हातात आल्यावर ते नकोसं झालं.

वहिनींनीच मग विचारलं, “पण होतं तरी काय त्या तळघरात?”

मास्तरांनी सांगितलं. सात खोल्या. गुडघाभर चिखल, कुजक्या मांसाचा वास, आणि शेवटी सिंहासनावर एक राणी बेडूक. तिचं पोट फाडून आतल्या घाणीत कोपरापर्यंत हात घालायचा, तेव्हा अंगठी मिळते.

“शी,” वहिनी म्हणाल्या. मग पुन्हा म्हणाल्या, “याच्यापायी?” आणि पुढची पँट मशीनवर घेतली.

दुसऱ्या दिवशी मास्तरांनी करसल्लागारांना फोन करून माफी मागितली. नसता आळ घेतला होता, तेव्हा माफी मागायला हवी होती. मागून झाल्यावरही त्या माणसाबद्दलची किळस तसूभर कमी झाली नाही. करसल्लागार मोठ्या मनाचे निघाले. झालं गेलं विसरा, दाखला तेवढा पाठवा, म्हणाले.

मास्तर तीन दिवस कामातून वेळ काढून लिहीत होते. प्रत अस्सल आहे, मूळ मालक अमुक, डाग माझ्या मेणाचा. मग खाली समासातलं आठवेल तेवढं. लंबूचे शेरे शेकड्यांनी होते. आठवले ते अकरा शब्द. चौथ्या खोलीपुढे त्यांनी लिहिलं: इथे मूळ मालकाच्या थोरल्या मुलीच्या जन्माची तारीख होती; ती त्याच्या पत्नीनं खोडली, आणि योग्य केलं.

कागद आठवड्यात परत आला. सोबत चिठ्ठी होती की खोडलेल्याचा दाखला नको आहे, त्यानं प्रतीला कमीपणा येतो. पुढे कळलं, करसल्लागारांनी दुसऱ्या कुणाकडून तरी लिहून घेतलं आणि पेटी वितळवून बंद केली. लिहून देणाऱ्यानं ती मोहीम कधी पाहिलीही नव्हती.

मास्तरांनी आपलं लोखंडी कपाट उघडलं. एकशे त्रेचाळीस पुस्तिका, सगळ्या प्लास्टिकच्या पिशव्यांत, कडेला कडा लावून. हातमोजे नव्हते, एवढाच काय तो फरक. मोजल्यावर खेळलेल्या निघाल्या चौदा. बाकीच्यांतल्या द्वारपालांना आणि राक्षसांना ते नुसते वाचून ओळखत होते, आणि कुणी विचारेल म्हणून वाट बघत होते. बायको भाजी निवडत होती. त्यांनी तिला विचारलं की तुला तेव्हा रविवारी राग यायचा का. ती म्हणाली, “सुरुवातीला यायचा. मग मी माहेरी जायला लागले. तुम्हाला दोन महिन्यांनी कळलं.”

त्या महिन्यात मास्तरांनी एकशे एकोणतीस पुस्तिका दोन पिशव्यांत भरल्या आणि सायकलच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर नेल्या. तिथे हॉस्पिटलातल्या दोन नर्सबाई, एक पोस्टमन आणि एक बँकेतला कारकून शनिवारी दुपारी खेळायचे. पुस्तिका बघून पोस्टमननं हरखून विचारलं की याची फार किंमत येत असेल ना. मास्तर म्हणाले, विकायचं असेल तर परत द्या.

त्यांनी मास्तरांना बसवून घेतलं. एका नर्सबाईंनी वरचीच पुस्तिका उघडली आणि वाचायला लागल्या. भलत्याच खोलीचं वर्णन वाचलं. ज्या दारात सापळा होता ते दार कारकुनानं भेटीचं खोकं उघडावं तसं उघडलं. कुणाच्या तरी कोपरानं चहा सांडला, तो पोस्टमननं रुमालानं पुसला आणि तोच रुमाल तोंडावरून फिरवला. मास्तरांच्या जिभेवर दहा वेळा आलं की बाई, तसं नाही, ती तिसरी खोली. इतका गचाळ खेळ त्यांनी आयुष्यात बघितला नव्हता. किळस आवरून ते खाली पडलेले फासे उचलून देत राहिले. तेवढ्यात दुसऱ्या नर्सबाई घड्याळ बघून उठल्या. मुलाला शिकवणीवरून आणायचं होतं. अर्धवट टाकून कशी जातेस, म्हणून बाकीचे ओरडले.

“त्यांना जाऊ द्या,” मास्तर म्हणाले.