साळखात्यातला दादा

तुमच्या वस्तीत एकी फार होती हो, असं कुणी माझ्यासमोर म्हणालं की माझं डोकं फिरतं. म्हणणारा बहुतेक बाहेरचा असतो आणि त्याला चांगलंच म्हणायचं असतं, म्हणून मी नुसती मान हलवते. एकी होती, ते खरंच आहे. त्या एकीनंच माझा भाऊ आमच्यातून उचलून नेला, आणि ज्याच्याशी भांडावं असा दुश्मनही समोर ठेवला नाही. एखादा सावकार, एखादा पाटील असता तर त्याला शिव्या घालून तरी मन मोकळं केलं असतं. इथं शिव्या कुणाला घालणार? ज्या बायकांनी मला अंगावर पाजलं, त्यांना?

सोलापुरात मिलच्या मागच्या अंगाला, नाल्याच्या काठावर आमची घरं होती. गाव त्याला महारवाडा म्हणायचं, आम्ही नुसतं वस्ती म्हणायचो. भिंतीला भिंत लागलेली. एका घरात कोरड्यास जरा जास्त झालं की वाटी चार घरं फिरून यायची. मधोमध तक्क्या होता, म्हणजे बापे बसायची जागा. तिथं म्हातारे जे ठरवतील ते वस्तीनं केलंच म्हणून समजायचं. आणि एक रीत अशी होती की ती कधीही मोडली गेली नव्हती: वस्तीत मयत झालं की मातीला झाडून सगळे बापे जायचे. कुणी कुठंही कामाला असो, निरोप आला की हातातलं टाकून निघायचं. मेलेलं मूल पाळण्यातलं असलं तरी हेच. तोवर एकाही घरातून धूर निघायचा नाही. मिलमध्ये कापसाच्या गाठी फोडून झाडायचं खातं सगळं आमच्याच माणसांचं. ते खातं ओस पडलेलं दिसलं की जॉबर, म्हणजे खात्याचा मुकादम, चार शिव्या हासडायचा आणि म्हणायचा, मेलं वाटतं कुणीतरी वाड्यात.

त्या खात्यात कापसाची धूळ छातीत जाऊन आमचे बहुतेक बापे चाळिशीच्या आतच खोकून खोकून मरायचे. माझा बाप तसाच गेला. चांगलं काम होतं ते साळखात्यात, जिथं कापड विणायचे. पण तिथं आम्हाला पाय ठेवायची बंदी. मागावर आडवं सूत टाकणाऱ्या धोट्यात नवी कांडी घातली की सुताचं टोक त्याच्या भोकातून तोंडानं ओढून घ्यावं लागायचं. आज ह्यानं तोंड लावलेला धोटा उद्या त्याच्या हाती. आमची थुंकी लागलेला धोटा कोण तोंडाला लावणार? सूत आम्ही झाडलेल्या कापसाचंच असायचं, त्याचा विटाळ मात्र कुणाला होत नव्हता.

माझा दादा चार बुकं शिकलेला, बोलायला चटपटीत. तेलगू विणकरांच्या पोरांत खेळून तेलगूही थोडी यायची. सोलापुरात मार्शल लॉ लागला त्याच्या आदल्या सालची गोष्ट. तक्क्यात ठरलं की ह्याला साळखात्यात घुसवायचा. वेळापूरकडचा शेतकऱ्याचा पोरगा म्हणून सांगायचं, शहरात खोली घेऊन राहायचं, वस्तीत पाऊल टाकायचं नाही. एक जण मागावर उभा राहिला तर पुढं दुसरा जाईल, तिसरा जाईल, असा म्हाताऱ्यांचा हिशेब. आणि वस्तीनं काय करायचं, तर त्याला ओळखायचं नाही. बाप्यांनी मिलमध्ये मान वर करून बघायचं नाही, बायकांनी नाही, पोरांनी नाही. आईनं मला पुढ्यात बसवून बजावलं, "दादा दिसला तर वळख दावायची न्हाय. हाक मारायची न्हाय. हासायचं न्हाय." मी विचारलं, "मग तो कोन म्हनायचा?" आई म्हणाली, "कुनीबी." मी तेव्हा आठ-नऊ वर्षांची असेन.

आणि दादा लागला की मागावर! महिने गेले, कुणाला संशय नाही. वस्तीतल्या शेंबड्या पोरांनीसुद्धा तोंड उघडलं नाही. असलं गुपित दुसऱ्या कुठल्या आळीत दोन दिवस टिकलं नसतं.

आईला मात्र राहवेना. ती बाजारात सरपणाच्या मोळ्या विकायची. मिलच्या सुट्टीच्या दिवशी दादा तिथं गिऱ्हाईक म्हणून यायचा. ती भाव सांगायची, तो नाक मुरडायचा. ती म्हणायची, "घ्याचं तर घे, न्हाईतर फुडं हो. अंगावर मास न्हाय, मोळी उचलंल का तुला? खायाला मिळतंय का न्हाय?" तो म्हणायचा, "मिळतंय की. खानावळीत जेवतोय. पर चव न्हाय." ती म्हणायची, "खोकला हाय काय रं?" तो म्हणायचा, "न्हाय, म्हातारे, छाती साफ हाय." तेवढं ऐकलं की आईचा चेहरा उजळायचा आणि ती आणखी खेकसायची. आजूबाजूच्या बायका हसायच्या, काय कजाग बाई आहे म्हणून. मी शेजारी बसून चिपाडं मोडत असायची. खानावळीत जेवणारा माणूस मोळी घेऊन जाऊन करतो तरी काय, हा प्रश्न कसा कुणाला पडला नाही कोण जाणे.

त्या थंडीत आईला ताप आला. अंगात ताप घेऊन ती दोन बाजार बसली. तिसऱ्याला उठताच येईना. शेजारच्या घरातली माझी चुलती म्हणाली, "पोराला सांगावा धाडू या." आई म्हणाली, "धाडशील तर माज्या मातीला येऊ नगंस." आमच्यात ह्याहून मोठी शपथ नाही. तक्क्यातही तेच ठरलं. तो धावत येणार, भर साळखात्यात गळा काढणार, आणि माग जाणार. चुलतीनं पुन्हा विषय काढला नाही. मी आईच्या पायाशी बसून असायची. एकदा तिनं डोळे उघडून दाराकडं पाहिलं आणि विचारलं, "आला?" मी म्हटलं, "कोन?" ती म्हणाली, "कुनी न्हाय."

सकाळी ती गेली. मग वस्तीपुढं पेच पडला. रीतीप्रमाणं बापे कामावरून निघाले की खातं ओस पडणार, आणि कोणीतरी मेलं हे दादाला कळणार. एक जण चाचरत म्हणाला, ह्या खेपेला नको जाऊ या, चौघंच नेऊ. म्हातारे अंगावर धावून गेले. बाई नवऱ्यामागं पोरं वाढवून गेली, तिला चौघांवर नेता? मग निरोप गेला आणि सगळे निघाले. आमच्या लोकांनी रीत पाळली आणि आईला दिलेला शब्दही पाळला. पहिली मूठ माती चुलतीच्या पोरानं, माझ्या चुलत भावानं टाकली. दादा तेव्हा नाल्यापलीकडं, हाकेच्या अंतरावर कापड विणत होता.

दुसऱ्या दिवशी कामावरून आल्यावर चुलत भाऊ जेवेना. मग त्यानं चुलतीला सांगितलं. दादा काहीतरी निमित्त काढून त्यांच्या खात्याच्या दारावरून सारखा जात होता. आत बघायचा, एकेकाचा चेहरा बघायचा, कोण आहे, कोण नाही ते मोजायचा. ह्या सगळ्यांनी ठरल्याप्रमाणं खाली माना घातल्या. शेवटी तो दारात थांबला आणि उगाचच म्हणाला, "काल लई जनं न्हवता." जॉबर जवळच उभा होता. चुलत भाऊ म्हणाला, "मी झाडू हानत ऱ्हायलो, आये. त्याच्या पायावर धूळ उडवली मी." हे सांगताना तो मोठा बाप्या लहान पोरासारखा रडला. मला त्याचा राग यायला हवा होता. राग कुणाचाच आला नाही.

बाजाराचा दिवस आला. चुलती मोळ्या घेऊन आईच्या जागी बसली. जाऊ नये असंही तिला वाटत होतं. पण पोरगा येऊन रिकामी जागा बघेल आणि वेड्यासारखा इकडं तिकडं विचारत सुटेल, ही भीती मोठी होती. निघताना तिनं मला दम दिला होता, "त्वांड उघडायचं न्हाय. डोळ्यांत पानी आनायचं न्हाय."

दादा आला. एकटा नव्हता, खोलीतले दोघे बरोबर होते. मोळ्यांसमोर उभा राहून त्यानं आधी चुलतीकडं पाहिलं आणि मग माझ्याकडं. माझे केस आई विंचरायची. ते किती दिवसांत कुणी विंचरले नव्हते. तो माझ्या डोक्याकडं बघत राहिला. त्याला कळलं होतं. तरी त्यानं विचारलं, "आज म्हातारी न्हाय आली व्हय?"

चुलती मोळीची दोरी आवळत म्हणाली, "गेली की ती. ताप आला आन गेली."

बरोबरचा एक जण पुढं वाकून म्हणाला, "कोन गेली रं?"

"कुनी न्हाय," दादा म्हणाला. "हितं सरपन इकायची एक बाई."

त्याचा आवाज जरासुद्धा हलला नाही. भाव न करता त्यानं पैसे दिले, मोळी खांद्यावर टाकली आणि त्या दोघांशी काहीबाही बोलत निघून गेला.

घरी येताना तक्क्यापुढं आल्यावर चुलतीनं सगळं जसंच्या तसं सांगितलं. म्हातारे ऐकत होते. मग त्यातला एक म्हणाला, "शाबास! पक्का निघाला पोरगा." दुसरा म्हणाला, "आता काय भ्या न्हाय. माग ऱ्हायला." कुणीतरी गुळाचा चहा टाकायला सांगितला. मी रडले नाही म्हणून माझंही कौतुक झालं, माझ्या हातावर गुळाचा खडा ठेवला. त्यांना खरोखरच आनंद झाला होता. ती दुष्ट माणसं नव्हती. जन्मभर धूळ खाल्लेली माणसं होती आणि त्यांचा एक जण वाचला होता.

पुढच्या बाजाराला दादा आला नाही. त्याच्या पुढच्यालाही नाही. मिलमध्ये तो चुलत भावाला दिसायचा, पण आता दारावरून जायचा नाही. तक्क्यात ठरलेला दुसरा पोरगा, तिसरा पोरगा कधी गेलाच नाही. कुणाच्या आईनं पाठवलाच नाही.

मीही लग्न होऊन दुसऱ्या गावी गेले. एकदा माहेरी आले असताना भर रस्त्यात तो समोरून आला. बायको होती, कडेवर मूल होतं, अंगावर धुतलेले कपडे. मी कडेला थांबले. त्याची नजर माझ्यावर आली आणि तशीच पुढं गेली, रस्त्यातल्या कुठल्याही बाईवरून जाते तशी. तो शिकवलेलं पाळत होता, की त्यानं मला खरंच ओळखलं नाही, हे मला आजवर कळलेलं नाही. वस्तीत विचारलं असतं तर म्हणाले असते, वळखलं न्हाय तर चांगलंच झालं की.