अपग्रेड आणि जळफळाट

काही ऑफिसांत लोकांच्या रजा साठतात, आमच्या ऑफिसात किस्से साठले. कुणी मुद्दाम जमवले नाहीत. चहाला बसलं की एक निघतो, त्याचं शेपूट धरून दुसरा येतो. माझा नवरा शेखर म्हणतो, "तुझ्या प्रत्येक किश्शात कुणीतरी कुणावर तरी जळत असतं." असेल. घडलंच तसं, त्याला मी काय करू?

आमचं ऑफिस उरणच्या बाजारात, वेल्डिंगच्या दुकानाच्या वर. न्हावा शेव्याच्या यार्डांत कुठला कंटेनर कुठे उभा आहे ते सांगणारं सॉफ्टवेअर आम्ही बनवतो. मालक म्हात्रे सर इथलेच. ज्या साधनांवर आम्ही प्रोग्राम लिहायचो ती फारच जुनी झाली, म्हणून सरांनी एकदा ठरवलं की सगळ्यांची मशीनं अपग्रेड करायची. केली. आणि प्रत्येक स्क्रीनवर लाल अक्षरांत एकच रड सुरू झाली: अमुक सापडत नाही, तमुक सापडत नाही.

सरांनी विचारलं, "काय सापडत न्हाय?"

मी समजावलं, की आपला प्रोग्राम लोकांनी लिहिलेल्या तयार तुकड्यांवर उभा असतो. नव्या व्हर्जनमध्ये त्यातला एक जरी मिळाला नाही, तरी सगळं अडतं.

सर म्हणाले, "म्हंजे लग्नासारका. मांडव भरलाय, भटजी आलाय, पन मामाच न्हाय आला. मंग पोरीला बोहल्यावर आननार कोन?"

कॉलेजात चार वर्षं शिकवूनही कुणी मला डिपेंडन्सी इतकी नीट समजावली नव्हती. तेव्हापासून सर रोज सकाळी विचारायचे, "आज कंचा मामा अडलाय?"

* * *

केतकी आमच्याकडे लागली ती ह्याच गडबडीत. अलिबागच्या बाजूची, नारळी-पोफळीच्या वाडीवाल्या घरातली. रोज रेवसहून लाँचने करंज्याला उतरायची आणि समुद्राचा वारा खाऊन टवटवीत चेहऱ्याने ऑफिसात शिरायची. मी द्रोणागिरीहून ट्रेलरांच्या मधून स्कूटर काढत, धूळ खाऊन पोचायची. म्हणजे जळायला सुरुवात कॉम्प्युटर उघडण्याच्या आधीच झाली होती.

पहिल्या दिवशी मी तिला म्हटलं, "हे बघ, मशीन सेट करायला आठवडा जाईल. घाबरू नकोस, सगळ्यांचं होतं. काही अडलं तर मला विचार."

"हो, वैशालीताई," ती म्हणाली.

मी डबा खाऊन परत आले तर ती खिडकीतून खाली वेल्डिंग बघत बसली होती. मला वाटलं, बिचारी वैतागली.

"अडलं ना?"

"नाही ताई. चालतंय की माझ्याकडे."

प्रोग्रामरच्या जातीला ह्या वाक्याइतकं दुसरं काही लागत नाही. शिवी परवडली. मी तिच्या खुर्चीमागे उभी राहून पाहिलं. खरंच चालत होतं. "छान," मी म्हटलं आणि माझ्या जागेवर जाऊन उगाच कीबोर्ड पुसला.

* * *

एक तुकडा, आमच्या भाषेत लायब्ररी, असा होता की तो इंटरनेटवरच पडून होता, पण नव्या व्हर्जनशी जुळत नव्हता. लिहिणाऱ्याने लक्ष घालणं सोडून दिलेलं. कुणी हेन्रिक म्हणून होता, लांब थंड देशातला. मी त्याला मेल लिहिला. उत्तर नाही. आणखी लिहिला, जरा गोड भाषेत. मग मी दिवसभर फोन उघडून बघायला लागले.

शेखर पोर्टात कस्टम क्लिअरन्सचं काम करतो, त्यामुळे संशय घेणं हा त्याच्या कामाचाच भाग आहे. एके दिवशी जेवताना तो म्हणाला, "हेन्रिक कोण?"

"एका लायब्ररीचा लेखक आहे."

"उरणच्या लायब्ररीत?"

मी सगळं समजावलं. त्याने ऐकून घेतलं, भाताला आमटी कालवली आणि म्हणाला, "माझा मेसेज आला तर तू दोन तासांनी बघतेस."

अखेर हेन्रिकचं उत्तर आलं, ते मी शेखरला मुद्दाम वाचून दाखवलं. फारच सभ्य माणूस. त्याने लिहिलं होतं, माफ करा, मी प्रोग्रामिंग कधीच सोडलं. आता मी डोंगराच्या पायथ्याशी राहतो आणि मधमाश्या पाळतो. खाली फोटो होता. पांढरी दाढी, मागे पेट्या, त्याच्यामागे बर्फ.

मला वाटलं, आता तरी ह्याचं डोकं शांत होईल. शेखर फोटो बराच वेळ बघत राहिला.

"म्हणजे हा मधमाश्या पाळतो," तो म्हणाला, "आणि मी कंटेनर."

त्यानंतर तो आठवडाभर माझ्याशी नीट बोलला, पण हेन्रिकचं नाव काढलं की उठून गॅलरीत जायचा.

* * *

आमच्याकडे गावंडकाका होते. सगळ्यांत जुने. त्यांनी एकट्यांनीच अपग्रेडला साफ नकार दिला होता. "चाललंय त्याला कशाला डिवचायचं?" असं म्हणून ते जुन्याच मशीनवर निवांत काम करायचे. आम्ही लाल अक्षरांत बुडालेले असताना त्यांचा डबा उघडायचा, सुक्या बोंबलाचा वास सुटायचा, आणि ते म्हणायचे, "कसली ती डिपेंडन्सी? मी कुणावर अवलंबून नाय."

मग एका सकाळी त्यांचं मशीन सुरूच होईना. काका बटण दाबतायत, वायर हलवतायत. खोटं कशाला बोलू, केतकीने आणि मी एकमेकींकडे पाहिलं, आणि त्या दिवसापुरतं आमचं फार जमलं. तिने खालून गरम वडापावसुद्धा आणले.

दुपारी कळलं की आम्हाला हवा असलेला एक तुकडा इंटरनेटवरून कायमचा काढून टाकलाय. जगात त्याची एक प्रत आमच्या माहितीत होती. ती काकांच्या बंद मशीनमध्ये.

मग आम्ही सगळे त्या बंद मशीनभोवती उभे. सरांनी पनवेलहून दुरुस्तीवाला बोलावला. केतकीने पंखा काकांकडे वळवला. मी विचारलं, "काका, चहा?"

काका खुर्चीत रेलून म्हणाले, "सकालचा वडापाव राह्यला काय एखादा?"

* * *

शेवटी एकच मामा उरला. काही केल्या हलेना. मीही बसले, केतकीही बसली. यार्डवाल्यांनी सरांना फोनवर सांगितलं, आठवड्याच्या आत नवीन सिस्टीम द्या, नाहीतर आम्ही दुसरीकडे जातो.  दुसऱ्या दिवशी सर गाडी काढून पालीला बल्लाळेश्वराला गेले.

ते तिकडे रांगेत उभे असतील त्याच सुमाराला केतकीने एक ओळ बदलली आणि लाल अक्षरं गेली. मी स्वतः पाहिलं. तिने आनंदाने सरांना फोन लावला.

सर आले ते पेढे घेऊनच. आधी कॉम्प्युटरला हात जोडले. मग म्हणाले, "बगितलंव ना? मी नारल वाडवला नि तुमचा फोन आला."

केतकी म्हणाली, "सर, मी ती ओळ..."

"तुजा हात, पोरी. पन बुद्धी कोनाची?"

केतकीने पेढा घेतला, पण खाल्ला नाही. ऑफिसात आल्यापासून पहिल्यांदाच तिचं तोंड उतरलं होतं. माणसावर जळता येतं, तिला गणपतीवर जळायची पाळी आली. त्या दिवशी मी मात्र दोन पेढे खाल्ले.

* * *

पुढे केतकीला बंगळूरला मोठ्या कंपनीत नोकरी लागली. निरोपाच्या दिवशी सरांनी शाल दिली, काकांनी भाषण केलं. तिच्या घरून सगळ्यांना शहाळी आली होती. मी तिला मिठी मारली आणि मनात म्हटलं, आता ह्या ऑफिसात मीच. तिने लॅपटॉप परत दिला. सरांनी रीतसर तो पुसून कोरा करून घेतला.

एक गोष्ट आम्हाला कुणालाच माहीत नव्हती. मिळायला कठीण असलेले सगळे तुकडे तिने त्याच लॅपटॉपवर एका फोल्डरमध्ये जमवून ठेवले होते, आणि आमची मशीनं गुपचूप तिथूनच ते उचलायची. फोल्डरला तिने स्वतःचंच नाव दिलं होतं.

सोमवारी सकाळी सगळ्यांच्या स्क्रीन लाल. सर धावत आले.

"कोन सापडत न्हाय?"

मी वाचून दाखवलं. "केतकी सापडत नाही."

काकांनी डबा बंद केला. सर तिच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत उभे राहिले. मग हळू आवाजात म्हणाले, "कंप्युटरला पन समजला."

त्यांचे डोळे भरून आले होते. खरं तर माझेही यायला हवे होते. पण मी विचारलं, "सर, मी बाळंतपणाच्या रजेवर होते, तेव्हा असं काही आलं होतं का?"

सरांनी प्रामाणिकपणे आठवून पाहिलं.

"न्हाय," ते म्हणाले. "तवा सगला नीट चाललेला."