डागाळलेल्या लडी

पहाटे साडेचारला आनंदा उठायचा. चूळ भरायची, साधं पाणी प्यायचं, बस. चहा नाही, तंबाखू नाही. लालबागच्या चाळीतून निघून सहाला परळच्या गिरणीच्या रंगखात्यात पोचायचं, पहिल्या हौदात बोट बुडवायचं आणि जिभेला लावायचं. तोवर तोंडात काही जाता कामा नये, हा त्याचा नेम. रेशीम रंगवायच्या पाण्यात आसिड किती हवं ते तो जिभेवर ठरवायचा. आसिड तपासायच्या कागदी पट्ट्या खात्याच्या मास्तरच्या खणात होत्या. त्या खणातच पिवळ्या पडल्या.

हौदाच्या पलीकडे भिवा. बांबूच्या दांड्यांवर रेशमाच्या लडी टांगलेल्या असत. वाफेत उभं राहून त्या सारख्या फिरवत ठेवायच्या, हे त्याचं काम. फेरी चुकली की रंग कमीजास्त बसतो. भिवाची चुकत नसे. खांदा भरून आला तरी तो मोजून फिरवायचा.

वीस वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात भिवा गावाहून आला तो आमसुलं घेऊन. कामावर आल्या आल्या त्याने पुडी सोडली.

"घे मेल्या, आयेन दिल्यान. ताजी आसत."

"आधी हौद चाखू दे."

"हौद काय पळान जाता?"

आनंदाने दोन तोंडात टाकली. मग हौद चाखला, तर पाणी मिळमिळीत लागलं. त्याने आसिड ओतलं. पुन्हा चाखलं, पुन्हा ओतलं. आसिड थोडं जास्त झालं म्हणून बिघडत नाही, उलट रंग पक्का बसतो, अशी त्याची समजूत होती.

दुपारी लडी निघाल्या त्या डागाळलेल्या. एका जागी गर्द जांभळ्या, बोटभर पुढे फिकट. सगळा माल वाया गेला.

मास्तरने विचारलं, "आनंदा, आसिड बरोबर होतं?"

"बरोबर होतं. लडी फिरवणारा हात कमी पडला असेल."

भिवाने त्याच्याकडे पाहिलं, मग स्वतःच्या हातांकडे. शनिवारी त्याला काढून टाकलं. त्याच्या जागी नवा माणूस घेतला नाही. आनंदाच दोन्ही कामं करू लागला, रोज चार तास जास्त. रंगखातं बंद पडेपर्यंत अकरा वर्षं त्याने ते केलं. त्यात अंगचोरपणा केला नाही. पण भिवाच्या घरी तो एकदाही गेला नाही.

यंदा परीक्षेच्या दिवसांत त्याची मुलगी दर्शना मोठ्याने वाचत बसली होती. माटुंग्याच्या कॉलेजात ती बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. 'रेशीम' कानावर पडलं म्हणून आनंदाने पेपर खाली ठेवला.

"रेशमाचं काय गं?"

"रेशीम म्हणजे प्रथिन, बाबा. अमिनो आम्लांची माळ. पाण्यात आसिड घातलं की हायड्रोजनचे धन कण तिला चिकटतात, रेशमावरचा धन भार वाढतो. सोडा घातला की ते कण सुटतात, ऋण भार वाढतो. मध्ये कुठेतरी दोन्ही सारखे होतात, बेरीज शून्य."

"आणि रंग?"

"तू वापरायचास तो रंग ऋण भाराचा. म्हणून आसिडात तो रेशमाकडे ओढला जातो."

"मग जितकं आसिड जास्त तितकं चांगलं."

"छे! फार झालं की धन भार इतका वाढतो की रंग झडप घालतो. पहिला जो धागा सापडेल त्याच्यावरच बसतो. बाकीच्यांना उरतच नाही. डाग पडतात."

"लडी नीट फिरवल्या तरी?"

"हाताने किती भरभर फिरवणार, बाबा?"

आनंदाने पेपराची घडी घातली. मग म्हणाला, "आंबट खाल्ल्यावर दुसरं आंबट कमी लागतं काय?"

"लिंबू चोखून ताक पिऊन बघ. कळेल."

बघायची गरज नव्हती.

रविवारी सकाळी तो शीवला गेला. भिवा तिथे मुलाकडे राहतो. दार त्यानेच उघडलं. आनंदाने बसायच्या आधीच सांगून टाकलं.

"भिवा, त्या लडी माझ्यामुळे डागाळल्या. आसिड मी जास्त ओतलं. तुझा हात बरोबर होता."

भिवाने पंखा लावला. त्याच्यासमोर चहा ठेवला. मग बोलला.

"तेव्हा दादरच्या रंगवाल्यान माका कामाक बोलवल्यान होता. मी गेलय नाय. माका वाटला, आपलो हात गेलो. वॉचमनकी केली."

"मला शिव्या घाल."

"आता घालून काय करू? तेव्हा घातल्यो असत्यो." त्याने बशी पुढे सरकवली. "तुका ह्या सांगितल्यान कोणी?"

"दर्शनाने. कॉलेजात शिकते."

"बरा केलंस, पोरीक शिकवलंस. खर्च मोठो असतलो."

आनंदाला मान वर करता आली नाही. दर्शनाच्या नावाने त्याने पोस्टात पैसे टाकले होते ते रोजच्या त्या चार तासांचे, भिवाच्या दांड्या फिरवून मिळालेले. तिची तीन वर्षांची फी त्यातूनच भरली.