सव्वीस दिवस दुखलेली कंबर

माझी कंबर पाचव्या दिवशी बरी झाली. घरच्यांना हे कळलं सव्विसाव्या दिवशी.

घरचे म्हणजे मुलगी रेवती पुण्यात आणि मुलगा नितीन हैदराबादेत. प्रत्यक्ष घरात मी एकटाच. फॅक्टरीतून निवृत्त झालो त्याच वर्षी बायको गेली, आणि नागपूर-भंडारा रस्त्यावरच्या जवाहरनगरचं फॅक्टरीचं क्वार्टर सोडून मी जवळच बांधलेल्या तीन खोल्यांच्या घरात राहायला आलो. (तीन खोल्या कशाला, हा प्रश्न मला रोज संध्याकाळी पडतो.) सकाळ मात्र भरलेली असते. सहा ते सात आम्ही चारपाच निवृत्त मंडळी बॅडमिंटन खेळतो. बांते माझा जोडीदार. माणूस एक, आवाज वीस माणसांचा.

एका सकाळी डोक्यावरून मागे गेलेलं शटल घ्यायला मी वळलो आणि कमरेत कट् झालं. वाकलो तो तसाच राहिलो.

"साहेब, काय शोधून राहिले?" बांतेनं विचारलं.

"काही नाही. मले सरळ कर."

सरळ काही झालो नाही. दोघांनी मला टेबलासारखं धरून घरी आणून ठेवलं.

मुलांचे फोन रविवारी येतात, दहा-दहा मिनिटं. त्या दिवशी मंगळवार होता, पण मी कमरेचं कळवलं आणि संध्याकाळपर्यंत मला सहा फोन आले. निवृत्तीच्या दिवशीसुद्धा एवढे आले नव्हते.

"बाबा, कोणाकडूनही कंबर रगडून नका घेऊ," रेवती म्हणाली. "तुमी खेळता ना? मग खेळाडूंचा कायरोप्रॅक्टर पाहा."

"काय पाहू?"

"कायरोप्रॅक्टर. हातानं मणके, सांधे मोकळे करतात ते. पण खेळणाऱ्या लोकांचा अनुभव असलेला पाहिजे. नाहीतर तो पहिल्या दिवशी म्हणेल, खेळणं सोडा."

मग नितीनचा फोन. "ताईचं ठीक आहे, पण आधी डिग्री विचारा. आणि तपासणी न करता मानेले हात लावू देऊ नका."

दोघांच्या सूचना मी एका कागदावर उतरवून घेतल्या. शिक्षण कुठे झालं? आधी तपासतो का? पुन्हा खेळायला कधी पाठवणार, हे सांगतो का? एकूण चौदा प्रश्न झाले. मी नागपुरात फोन लावायला लागलो.

पहिल्या ठिकाणी एका मुलीनं विचारलं, "पेशंट कोणत्या लेव्हलवर खेळतात?"

"सहा ते सात," मी म्हणालो.

तिनं ते लिहून घेतलं.

दुसऱ्या ठिकाणी, कुठे दुखतं हे विचारायच्या आधीच त्यांनी मला वीस वेळा यावं लागेल असं सांगितलं. त्यांच्या नावावर मी काट मारली आणि संध्याकाळी दोन्ही मुलांना सविस्तर अहवाल दिला. रेवती खूश झाली. "बाबा, बरोबर केलं तुमी." कोणी मला 'बरोबर केलं' असं म्हणून फार दिवस झाले होते.

तिसरी एक डॉक्टरीणबाई निघाली. ती स्वतः फोनवर आली. केव्हापासून दुखतं, कोणता फटका मारताना दुखलं, पायात मुंग्या येतात का, खेळायच्या आधी अंग मोकळं करता का, सगळं विचारलं. माझ्या चौदाही प्रश्नांना उत्तरं दिली. बाई अगदी योग्य होती. आणि तिथेच माझी पंचाईत झाली. कारण डॉक्टर ठरला की फोन संपणार.

"कशी वाटली?" रेवतीनं विचारलं.

"ठीक आहे," मी म्हणालो, "पण तिच्या दवाखान्याले जिना आहे म्हणते. अजून दोनचार पाहतो."

जिना नव्हता.

मधल्या काळात, पाचव्या दिवशी, कंबर बरी झाली होती. सहाव्या दिवशी मी कोर्टवर होतो. मात्र संध्याकाळी सातला नितीन आणि आठला रेवती, यांच्यासाठी मी उशी पाठीला लावून तयार बसायचो. दुखणं टिकवायचं म्हणजे त्यात रोज थोडा फरक लागतो. सोमवारी डावीकडे दुखलं, तर बुधवारी उजवीकडे. एकदा नितीन म्हणाला, "व्हिडिओवर वाकून दाखवा." मी वाकलो आणि असा कण्हलो की माझं मलाच वाईट वाटलं.

ते कण्हणं त्यानं बहिणीला सांगितलं. तिनं मला न कळवता पुण्याहून गाडी पकडली. सव्विसाव्या दिवशी सकाळी वरठी स्टेशनला उतरून ऑटोनं घरी आली, तर दाराला कुलूप. शेजारच्या काकूंनी आनंदानं माहिती पुरवली, "बाबा ना? ते खेळाले गेले. रोजच जातेत."

मी हवेत होतो. अक्षरशः. उडी मारून स्मॅश हाणला आणि खाली येताना जाळीपलीकडे बॅग घेऊन उभी असलेली मुलगी दिसली. हात कमरेकडे गेला, पण फारच उशिरा.

"साहेब, पोरगी येऊन राहिली त सांगायचं नाही का?" बांते म्हणाला.

ती रागावली असती तर बरं झालं असतं. ती एवढंच म्हणाली, "त्या तिसऱ्या डॉक्टरची अपॉइंटमेंट घेतली आहे. चला."

नागपुरात बाईंनी मला चालवलं, वाकवलं, एका पायावर उभं केलं, स्मॅशची नक्कल करायला लावली. मग रेवतीला बाहेर बसायला सांगून विचारलं, "काका, घरी कोण असतं?"

"मी."

"आणखी?"

मी प्रामाणिकपणे विचार केला. "फ्रिज आहे."

त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "कंबर चांगली आहे. थोडे व्यायाम देते, अंग मोकळं करून खेळत जा. मुलीला मी सांगू, की तुम्ही सांगता?"

परतीच्या बसमध्ये मी सांगितलं. सगळं, जिन्यासकट. रेवती खिडकीबाहेर पाहत होती.

"नुसता फोन करायचा ना, बाबा. कारण कायले लागते?"

"कारण नसलं की तू विचारतेस, काही काम होतं का."

तिनं माझा हात हातात घेतला. जवाहरनगर येईपर्यंत तसाच धरून ठेवला, आणि मीही तो खाज सुटली तरी सोडवून घेतला नाही.

चार दिवस राहून ती गेली. घर पुन्हा तीन खोल्यांचं झालं. आता रोज संध्याकाळी आठला तिचा फोन येतो. मी फोन छातीवर ठेवून जमिनीवर पडतो आणि डॉक्टरीणबाईंनी दिलेला व्यायाम करतो. कंबर उचलायची, खाली आणायची. वीस वेळा. पुण्यातून ती कामं करता करता ऐकते, मी मोठ्यानं मोजतो. सतरा-अठराला आलो की माझा आकडा चुकतो आणि मग पुन्हा एकपासून सुरुवात करावी लागते.

काल ती म्हणाली, "बाबा, तुमाले अठराच्या पुढं येत नाही का?"

मी म्हटलं, "कमरेमुळं विसराले होते, बेटा."