एका मेंढीची कोकरं
घोंगडं उन्हात टाकलं की लोकरीच्या वासानं मला जुळे सोलापूरच्या खोलीतली ती दुपार आठवते. आमच्या घरात कॉलेज शिकलेला मी पहिलाच. पहिल्या नोकरीसाठी संध्याकाळपर्यंत एक प्रोग्रॅम पाठवायचा होता, वेबपेजचा कोड वाचून कशाच्या आत काय आहे याचं झाड काढणारा. झाड निघायचं, पण चुकीचं, आणि दोन दिवस चूक सापडत नव्हती. गावाकडून आलेले आप्पा, माझे वडील, खांद्यावरच्या घोंगड्यासकट मागं येऊन उभे राहिले. त्यांना अक्षरओळख नाही. "हे काय रं?" "वरची आई, खालची तिची पोरं, असं समजा." त्यांनी निवांत बघितलं आणि एका फांदीवर बोट ठेवलं. "मग ह्या येकाच मेंढीला एवढी कोकरं? दुसऱ्यांची बी हिलाच लावलीस की, लेका!" मी ती जागा तपासली. एक भाग संपला की परत वर यायचं, हे मी लिहिलंच नव्हतं, म्हणून पुढचं सगळं त्याच्याच पोटात जात होतं. दोन ओळी घातल्या आणि झाड बरोबर आलं. रोज सांजेला कळपातलं एकेक कोकरू त्याच्या आईला लावणाऱ्या त्या माणसाला मी ते नवं झाड दाखवलं. मुलाखतीत विचारलं, चूक कशी सापडली? म्हटलं, वडिलांनी दाखवली. "तेही इंजिनिअर का?" "नाही, आमची मेंढरं आहेत." नोकरी लागली. ते उत्तर मी आजही तसंच देतो.